हातगाडी ट्रेक

चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथातील साधारण १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना घेऊन काढली जाणारी तीन-चार दिवसांची पायी यात्रा. या पंथाला लोक मॉर्मन म्हणून ओळखतात. २०१८ पासून मात्र पूर्ण नावच वापरावे असा चर्चचा आग्रह आहे. एकोणिसाव्या शतकात पंथाच्या अनुयायांनी हातगाड्या ओढत अमेरिकेतल्या यूटा प्रांतापर्यंत केलेल्या स्थलांतराची ही पुनर्यात्रा असते. अनेक स्टेक (स्थानिक मंडळ्यांचा गट) ती दर चार वर्षांनी काढतात, म्हणजे किशोरवयात प्रत्येकाच्या वाट्याला ती एकदा तरी येते.

पंथाची स्थापना १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ याने केली. १८४४ मध्ये इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार मारले आणि १८४६ च्या फेब्रुवारीत अनुयायांनी त्याच राज्यातले आपले नावू शहर सोडायला सुरुवात केली. स्मिथनंतरचा नेता ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखालील पहिला तांडा जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचला; २४ जुलै हा दिवस यूटात आजही सार्वजनिक सुट्टीचा असतो. १८६९ मध्ये रेल्वेमार्ग जोडला जाईपर्यंत सुमारे ७० हजार लोक या वाटेने आले. त्यांतले बहुतेक बैलगाड्यांच्या तांड्यांतून आले. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि स्कँडिनेव्हियातल्या गरिबांना बैलगाडी परवडेना आणि मदतनिधीही आटला, तेव्हा १८५६ मध्ये हातगाडीची योजना निघाली. पाच माणसांमागे एक गाडी, मोठ्या माणसाला १७ पौंड (सुमारे ८ किलो) सामान आणि आयोवा सिटीपासून सुमारे २,१०० किमी चाल. १८६० पर्यंत असे दहा तांडे निघाले, सुमारे ३,००० माणसांचे.

त्यांतले आठ तांडे फारशी जीवितहानी न होता पोहोचले, हे आधी सांगायला हवे, कारण ट्रेकवर ऐकू येते ती बहुधा उरलेल्या दोघांचीच कथा. जेम्स विली आणि एडवर्ड मार्टिन यांचे तांडे १८५६ च्या जुलैत, फार उशिरा निघाले. गाड्या ओल्या लाकडाच्या होत्या. कोरड्या हवेत त्या आकसून मोडू लागल्या. आता पुढे न जाता इथेच हिवाळा काढावा, असे विलीच्या तांड्यातल्या लेव्हाय सॅव्हेजने बजावले होते. त्याचे कुणी ऐकले नाही, तरीही तो तांड्याबरोबर गेला. १९ ऑक्टोबरला वायोमिंगमध्ये हिमवादळाने गाठले. तोवर पिठाचा शिधाही कमी करावा लागला होता. सॉल्ट लेकहून मदत पोहोचली, पण दोन्ही तांड्यांतल्या सुमारे हजारांपैकी दोनशेहून अधिक माणसे वाटेत दगावली. रॉकी रिजच्या चढावर अकरा वर्षांच्या जेम्स कर्कवुडने चार वर्षांच्या भावाला उचलून मुक्कामाच्या जागेपर्यंत आणले आणि तिथेच प्राण सोडला.

ट्रेकवर मुलांची आठ-दहा जणांची ‘कुटुंबे’ करतात. प्रत्येक कुटुंबाला एक जोडपे नेमलेले असते. मुले त्यांना ‘मा’ आणि ‘पा’ म्हणतात; ते सहसा त्यांतल्या कुणाचेच खरे आईवडील नसतात. मोबाइल घरी ठेवायचे, मुलींनी लांब झगे आणि बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) घालायचे, मुलांनी गॅलिसची विजार. संध्याकाळी नाच, रात्री प्रार्थना, शेवटी साक्षसभा (जिथे ज्याला वाटेल तो आपल्या श्रद्धेविषयी बोलतो).

मा-पांचे खरे काम मात्र जमिनीवरचे असते. टाच चुरचुरली की लगेच थांबून पट्टी लावायची, फोड येण्याची वाट बघायची नाही. नुसते पाणी पाजत राहिले तर रक्तातले मीठ घटून मूल कोसळू शकते, म्हणून खारट खाणे आणि क्षारपेये बरोबर हवीत. चढापेक्षा उतार धोक्याचा. गाडीला ब्रेक नसतो. मागे दोर बांधून चौघांनी ती धरून ठेवावी लागते आणि दांड्यात सर्वांत हलके पोर कधीच ठेवायचे नसते. झग्याची किनार घोट्याच्या वर नसेल तर ती चाकात जाते. वायोमिंगचे मार्ग समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरहून उंच आहेत, त्यामुळे सखल भागातून आलेली मुले पहिल्याच दिवशी धापा टाकतात. काही ट्रेकवर पूर्वी मुलांना मुद्दाम उपाशी ठेवत. अशा लादलेल्या हालांतून श्रद्धा वाढते यावर प्रस्तुत लेखकाचा विश्वास नाही. मुलाला दमवायला चढ पुरेसा असतो. नेत्याने त्याला सांभाळायचे असते.

सर्वांत गाजलेला प्रसंग ‘स्त्रियांची गाडीओढ’. मुलांना सैन्यात बोलावल्याचे सांगून बाजूला नेतात आणि मुली एकट्याच गाड्या चढावर नेतात. मुले टोप्या काढून दोन्ही बाजूंना गप्प उभी राहतात. मदत करायची नाही असा नियम असतो. मुलींना हा प्रसंग वर्षानुवर्षे आठवतो. इतिहासाशी मात्र तो जुळत नाही. मेक्सिको युद्धासाठी सुमारे ५०० पुरुषांची मॉर्मन बटालियन १८४६ मध्ये गेली, तर हातगाड्या त्यानंतर दहा वर्षांनी आल्या. विधवा आणि आजारी नवऱ्यांच्या बायका गाड्या खरोखरच ओढत होत्या, तेव्हा त्यांचीच नावे घेऊन हा चढ चढवणे अधिक योग्य. मार्टिनचा तांडा वायोमिंगमध्ये जी स्वीटवॉटर नदी ओलांडून गेला, तिच्या कथेचेही तसेच. तीन अठरा वर्षांच्या मुलांनी जवळजवळ सगळा तांडा बर्फाळ पाण्यातून खांद्यावर नेला आणि त्यापायीच ते मेले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. मदत करणारे तिघांहून अधिक होते, त्यांनी सगळ्यांना उचलले नव्हते आणि त्या तिघांपैकी प्रत्येक जण पुढे दहा वर्षांहून अधिक जगला, हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. खरी हकिकत सांगितल्याने त्यांचे धैर्य कमी होत नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला पुढे कुठेतरी सत्य वाचून फसवल्यासारखेही वाटत नाही.

ही प्रथा १९९७ च्या दीडशेव्या वर्धापनापासून विशेष फोफावली. त्याच सुमारास चर्चने वायोमिंगमध्ये मार्टिन्स कोव्हजवळचे (मार्टिनच्या तांड्याने वादळात आसरा घेतला ती जागा) सन रँच विकत घेऊन तिथे माहिती केंद्र उघडले. गाड्याही तिथे मिळतात. दूरचे स्टेक जवळच्या माळावर किंवा रानात ट्रेक काढतात.

अनेक ठिकाणी प्रत्येक मूल एका पूर्वजाच्या नावाची चिठ्ठी बाळगून चालते. ज्यांच्या घराण्यात असा पूर्वज नाही, त्यांना तांड्यांच्या याद्यांतून नाव शोधून द्यावे लागते. या याद्या बारकाईने पाहणाऱ्याला विलीच्या तांड्यात एलिझाबेथ झेवियर टेट सापडते. तिचा जन्म मुंबईचा आणि नवरा भारतात नोकरी केलेला स्कॉटिश सैनिक. १८५० च्या दशकाच्या आरंभी ह्यू फिंडले हा धर्मप्रचारक मुंबई-पुण्यात काम करत होता. टेट कुटुंब त्या काळच्या छोट्या मंडळीतले. नवरा आधी पुढे गेला होता. ती लिव्हरपूलमार्गे अमेरिकेत आली, तान्ही मुलगी वाटेत गमावली आणि तांड्याबरोबर यूटाला पोहोचली. पुढे हे कुटुंब दक्षिण यूटातल्या सीडर सिटीत स्थायिक झाले.