पिंजायची की विंचरायची?

सूतकताईच्या गटात नवं कोणी आलं की एक प्रश्न हमखास येतो. पिंजायचं कार्ड, म्हणजे तारा लावलेल्या दोन फळ्या, तेही लोकर मोकळी करतं, विंचरायचा कंगवाही करतो, मग दोन्ही कशाला? आणि कोणीतरी जुनंजाणतं तितक्याच हमखास सांगतं, "विंचरणं म्हणजे जरा जास्त बारकाईनं पिंजणं." ऐकायला पटतं, पण ते खरं नाही. लोकर कितीही वेळा पिंजली तरी ती विंचरलेली होत नाही, पिंजून पिंजून खराब मात्र होते.

फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. काम संपल्यावर अवजारावर काय उरलं ते बघा. कार्डावर जवळजवळ काहीच उरत नाही, घातली तेवढी लोकर बाहेर येते. कंगव्यावर मात्र आखूड तंतू, गाठी, काडीकचरा असा पुंजका मागे राहतो, केस विंचरल्यावर फणीत राहतो तसा. तंतू सरळ दिसतात की वाकडे, हा त्यानंतरचा प्रश्न. बहुतेक घोटाळा होतो तो फक्त सरळपणा बघून निवाडा केल्यामुळे.

आधी कार्डाकडे बघू. मुठीच्या दोन फळ्या, त्यांवर वाकवलेल्या बारीक तारांचं कापड. लोकरीसाठीच्या नेहमीच्या कार्डावर दर चौरस इंचाला साधारण 72 तारा असतात, बारीक लोकरीसाठी 112, आणि कापसासाठी त्याहून कितीतरी दाट. एका कार्डावर लोकर पातळ पसरायची, दुसरं त्यावरून हलक्या हातानं फिरवायचं. इथे "हलक्या" हा शब्द महत्त्वाचा. तारा तारांत घुसता कामा नयेत, फक्त लोकरीला लोकर लागली पाहिजे. करकर असा आवाज यायला लागला की समजावं, लोकर पिंजली जात नसून तुटते आहे. चार-सहा हात मारले की सगळी लोकर एका कार्डावरून दुसऱ्यावर उतरवायची, पुन्हा तेच, आणि शेवटी सैल गुंडाळून पेळू करायचा. पेळूत तंतू त्याच्या लांबीच्या दिशेनं नसतात, गोल फिरलेले असतात. टोकाकडून कातायला लागलं की ते वेटोळ्या घेत सुतात शिरतात आणि प्रत्येक वेटोळ्यात थोडी हवा अडकते. ती हवाच पिंजलेल्या सुताचं भांडवल. जाडीच्या मानानं ते हलकं असतं, उबदार असतं, अंगावर बारीक लव असते.

विंचरण्याचे कंगवे म्हणजे सरळ, टोकदार पोलादी सुया. एका ओळीचे असतात, दोन ओळींचे असतात. इंग्लिश पद्धतीच्या मोठ्या कंगव्यांना चार-पाच ओळी. हे अवजार गमतीचं नाही. मोठा कंगवा टेबलाला घट्ट आवळलेला हवा, आणि गप्पांच्या नादात तो हातात घेऊन वळू नये. गटात लहान मुलं येत असतील तर कंगवे वापरून झाल्याबरोबर झाकणाखाली जायला हवेत. या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

विंचरताना लोकरीची बट मोडायची नाही. प्रत्येक बटीला एक बुडखा असतो, जिथून ती मेंढीच्या अंगावरून कापली, आणि एक टोक असतं, जे ऊनपावसात राहिलेलं. बुडखा सुयांमध्ये अडकवायचा, टोक बाहेर लोंबू द्यायचं. सुयांच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त लोकर भरायची नाही. मग दुसरा कंगवा काटकोनात फिरवायचा, आणि सुरुवात अगदी टोकांपासून. पहिल्या फेऱ्यांत कंगवा जेमतेम लागला तरी चालतो. पुढे हळूहळू आत सरकायचं. घाईनं एकदम मुळाशी हात घातला की लोकर गच्च अडकते आणि ओढाताणीत चांगले लांब तंतू तुटून आखूड होतात, म्हणजे टाकाऊच्या ढिगात आपणच भर घालतो. सुटे तंतू हलत्या कंगव्यावर गोळा होतात, आखूड ते टेबलावरच्या कंगव्यात मागे राहतात. ते काढून टाकायचे, आणि उलट दिशेनं तेच पुन्हा करायचं.

दोन-तीन फेऱ्यांनंतर लोकर कंगव्यावर दाढीसारखी लोंबायला लागते. मग भोकाची छोटी चकती घ्यायची, तंतूंची टोकं भोकातून ओवायची आणि ओढत जायचं. थोडं ओढायचं, चकती पुढे सरकवायची, पुन्हा ओढायचं. हातात अखंड, गुळगुळीत पट्टा येतो. त्यालाच टॉप म्हणतात. या ओढण्यात एक मेख आहे. सगळ्यात लांब तंतू आधी येतात, आखूड मागून. म्हणजे एकाच पट्ट्याचं सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक यांचं सूत वेगळं पडतं. चांगला कातणारा म्हणूनच पट्ट्याचे तुकडे करतो, ते शेजारी शेजारी ठेवून पुन्हा कंगव्यावर चढवतो आणि परत ओढतो. शेवटचा पातळ, आखूड भाग तर मोह टाळून सोडूनच द्यावा.

एवढी मेहनत कशासाठी? सुतासाठी. सगळे तंतू जवळपास एका लांबीचे आणि एकमेकांना समांतर असले की पीळ त्यांना घट्ट बांधतो. सूत गुळगुळीत होतं, थोडी चमक येते, घासण्याला टिकतं, विणलेला टाका उठून दिसतो. बाहेर डोकावणारी आखूड टोकं कमी, म्हणून गोळेही कमी धरतात. मोज्याची टाच, पिशवीचा पट्टा, मागावरचा ताणा अशा ठिकाणी विंचरलेलं सूत हवं. टोपी, शाल, जाड स्वेटर यांना पिंजलेलं. जड पण टिकाऊ, की हलकं पण नाजूक, हे आधी ठरवावं. एकाच सुतात दोन्ही हवं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना दोन्ही सुतांच्या लड्या हातात देते.

कोणती लोकर कशाला, हे लांबीवर बरंचसं ठरतं. बट न ताणता, नैसर्गिक नागमोडीसकट मोजायची. सात-आठ सेंटिमीटरच्या आतली लोकर कार्डावर सुखात राहते. दहा-बारा सेंटिमीटरच्या पुढची कंगव्यावर जावी. मधली दोन्हीकडे चालते, तिथे काय विणायचं त्यावर ठरवा. लिंकन किंवा वेन्स्लीडेलसारख्या मेंढ्यांची लोकर वीस सेंटिमीटरच्या वर सहज जाते. ती हातकार्डावर घातली तर तारांभोवती गुंडाळली जाते, दुमडते, आणि पेळूऐवजी दोऱ्यांचं भेंडोळं हाती येतं. उलट मरिनो बारीक आणि तुलनेनं आखूड, म्हणून सगळे तिला कार्डावर घालायला धावतात. पण तीच लोकर कार्डावर सगळ्यात पटकन बारीक गुठळ्या धरते. तिला दाट सुयांचे छोटे कंगवे मानवतात. कारखान्यात मरिनोचे टॉप निघतातच की.

लांबीइतकीच दुसरी गोष्ट बघायची ती ताकद. मेंढी आजारी पडली, उपाशी राहिली, तर त्या काळात वाढलेला तंतूचा भाग बारीक आणि कमकुवत होतो. एक बट दोन्ही टोकांना धरा, कानाजवळ न्या आणि झटका द्या. टणटणीत आवाज आला तर लोकर धड आहे. चरचर आवाज आला, बट मधेच फाटली, तर ती कंगव्यावर नेऊ नका. अर्धी लोकर टाकाऊच्या पुंजक्यात जाईल. कार्डावरही ती फार सुख देत नाही, तुटलेल्या टोकांच्या गाठी होतात. कातरणाऱ्यानं एकाच जागी दोनदा कात्री मारली असेल तर पडणाऱ्या आखूड तुकड्यांचंही तेच. ते लोकर धुण्याआधी झटकून, निवडून काढावेत. कार्ड ते काढत नाही, सगळीकडे पसरवतं.

आता गटातला दुसरा, जास्त गुंतागुंतीचा घोळ. पिंजलेल्या लोकरीचं सूत फुगीर आणि विंचरलेलीचं गुळगुळीत, असं आपण म्हणतो खरं, पण त्यात कातणाऱ्याच्या हाताचा वाटा मोठा आहे. पेळूतून लांब ओढीनं कातताना पीळ तंतूंमध्ये आधीच शिरलेला असतो, मागचा हात लांब जातो आणि सूत स्वतःच स्वतःला बारीक करतं. बोटं त्यावरून फिरत नाहीत. टॉपमधून आखूड ओढीनं कातताना पुढची बोटं पीळ अडवून धरतात, थोडे तंतू पुढे ओढतात आणि मग त्यावरून मागे सरकत हवा दाबून काढतात. याची उलटापालटही करता येते. पेळू घेऊन आखूड ओढीनं कातलं, तर मधलंच काहीतरी मिळतं, ना पुरतं फुगीर ना पुरतं गुळगुळीत. टॉपचा बोटभर तुकडा बोटावर दुमडून त्याच्या घडीतून लांब ओढीनं कातलं, तर विंचरलेल्या लोकरीतही बरीच हवा येते. म्हणून कोणी "मी विंचरूनही सूत फुसफुशीत येतंय" म्हणालं की मी आधी लोकर बघत नाही, बोटं बघते.

फिरत्या पिंपाच्या कार्डरमुळे घोळ आणखी वाढतो. हँडल फिरवलं की छोट्या पिंपावरून लोकर मोठ्या पिंपावर जाते आणि शेवटी जाड थर निघतो. त्यात तंतू हातकार्डाच्या पेळूपेक्षा बरेच सरळ असतात, म्हणून पुष्कळ लोक त्याला विंचरलेलं समजतात. पण मघाची खूण लावा. छोट्या पिंपावर थोडं अडकलं तरी आखूड तंतू वेगळे काढण्याचं काम इथे झालेलं नाही. म्हणजे ते पिंजलेलंच. दुकानातल्या चिठ्ठ्यांवर टॉप आणि रोव्हिंग (म्हणजे पिंजलेला पट्टा) ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी येतात, तेव्हा चिठ्ठीवर जाऊ नये. टोकाकडून चिमूटभर लोकर खेचा आणि काळ्या कापडावर पसरा. सगळे तंतू जवळपास सारख्या लांबीचे, एका दिशेचे दिसले तर विंचरलेली. आखूड-लांब मिसळलेले, मधे ठिपक्यांसारख्या गुठळ्या, तर पिंजलेली. हातालाही कळतं. टॉप ओढला की तंतू सरकतात, पिंजलेला पट्टा अडखळत सुटतो. हीच विभागणी कापसातही आहे. टी-शर्टच्या चिठ्ठीवरचं "कोंब्ड कॉटन" म्हणजे पिंजल्यानंतर विंचरून आखूड तंतू काढलेला कापूस.

यंत्रांनीही ही दोन कामं एकसारखी मानली नाहीत. पिंजण्याच्या यंत्रांची पेटंटं इंग्लंडमध्ये लुईस पॉल आणि डॅनियल बोर्न यांनी 1748 सालीच घेतली. विंचरण्याचं यंत्र एडमंड कार्टराइटनं त्यानंतर चाळीसेक वर्षांनी काढलं, पण हातानं विंचरणाऱ्यांना खऱ्या अर्थानं बाजूला सारणारी यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आली नाहीत. तोवर हे कारागीर कोळशाच्या शेगडीवर कंगवे तापवून, लोकरीला तेल लावून काम करत. ऊब आणि तेल यांनी तंतू सरकायचे, धुरानं माणसं खंगायची. ख्रिस्ती संत ब्लेझला ते आपला रक्षक मानत, कारण लोखंडी कंगव्यांनी त्याचा छळ झाला अशी आख्यायिका. 1825 साली ब्रॅडफर्डच्या याच कामगारांनी मजुरीसाठी मोठा संप केला होता. नुसतं मोकळं करणं यंत्राला लवकर जमलं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे जमायला वेळ लागला. कंगवे तापवायची आज घरी गरज नाही. पाण्यात थेंबभर तेल घालून फवारा मारला तरी कोरड्या हवेत तंतू उडायचे थांबतात.

गटात एकच कंगव्यांची जोडी असेल तर एक सोय चांगली चालते. विंचरणाऱ्यानं टाकाऊ पुंजका फेकायचा नाही, दोन पिशव्यांत वेगळा करायचा. पहिल्या फेरीतला काडीकचऱ्याचा एका पिशवीत, तो उशीत भरायलाही टोचतो, झाडांच्या बुंध्याशी घालावा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला आखूड पण स्वच्छ पुंजका दुसऱ्या पिशवीत, तो कार्डवाल्यांना द्यायचा. निम्म्याला निम्मी चांगली लोकर मिसळून त्याचे पेळू केले की खडबडीत, मधेमधे गाठी असलेलं सूत निघतं, जाड विणकामाला ते झकास दिसतं. फक्त मऊपणाची अपेक्षा ठेवू नये, आणि मोजे तर त्याचे मुळीच विणू नयेत.