हक्काचं जेवण: ग्रॅम, अंश आणि तास

जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकतं. आठशे कोटी माणसांत ते सारखं वाटलं, तर माणशी रोज साडेनऊशे ग्रॅम येतं. पोट भरून उरेल एवढं. पण त्यातलं बरंच जनावरांच्या खाद्यात आणि इंधनात जातं, आणि बाकीचं ज्याच्या खिशात पैसे असतील त्याच्याकडे. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अन्नाचा उल्लेख आहे. मात्र किती ग्रॅम, कोणी द्यायचं आणि नाही दिलं तर काय, हे ठरल्याशिवाय तो हक्क ताटात उतरत नाही.

भारतात २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरवलं. म्हणजे रोज १६७ ग्रॅम, साधारण ५८० किलोकॅलरी. प्रौढाची गरज सरासरी २१०० धरतात, तेव्हा हा आधार झाला, जेवण नव्हे. जेवणाचा नेमका हिशेब आहे तो शाळेच्या पोषण आहारात: पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मिळून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातली दोनशे मुलांची प्राथमिक शाळा धरा. २० किलो तांदूळ, ४ किलो डाळ, १० किलो भाजी, १ किलो तेल. घरचं प्रमाण दोनशेने गुणून चालत नाही. मोठ्या पातेल्यात वाफ होऊन जाणारं पाणी त्या मानाने कमी असतं, म्हणून तांदळाच्या दुप्पट पाणी घातलं तर भात गिच्च होतो. आधी थोडं कमी घालून लागेल तसं आधणाचं वाढवावं. भात वेळून पेज टाकून देऊ नये, तिच्याबरोबर जीवनसत्त्वं जातात. पोषणयुक्त तांदळात शंभरास एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेला असतो. तो वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो, आणि 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकला जातो. नेमकं हवं तेच उकिरड्यावर!

डाळीचं दुखणं वेगळं. बोअरचं पाणी जड असेल किंवा डाळ जुनी असेल तर ती शिजता शिजत नाही. मग कोणी सोडा टाकतं, त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा तासभर भिजवावी, आणि चिंच-टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घालावेत; आंबटात ती शिजायची थांबते. चटणी चवीपुरतीच, पहिलीतल्या पोरांना आपला झणका सोसत नाही.

खरा धोका शिजल्यानंतरचा. भातातल्या बॅसिलस सेरियस जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात ६० अंशांखाली कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. पन्नास किलो भाताचा ढीग मध्यभागी कित्येक तास असाच कोमट राहतो. तयार झालेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यामुळे शिळ्या भाताला फोडणी दिली की तो शुद्ध झाला, हा समज खोटा आहे. वाढायच्या वेळेवरून मागे मोजून चूल पेटवावी.

आणि शाळेत जेवण मिळालंच नाही तर? पोषण आहाराच्या २०१५च्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्याने जेवण चुकलं, तर तेवढं धान्य आणि शिजवण्याचा खर्च भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. ही तरतूद फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

मात्र सुट्टीच्या दिवशी हा हक्क लागू नाही. पंचगंगेला पूर येऊन शाळा बंद पडते, तेव्हा घरातली चूलही पाण्यात असते. अशा वेळी कोरडा तांदूळ वाटून उपयोग नाही, शिजवायला इंधन आणि स्वच्छ पाणी लागतं. ५० ग्रॅम भाजके शेंगदाणे, ५० ग्रॅम फुटाणे, ४० ग्रॅम गूळ, ३० ग्रॅम चुरमुरे एवढ्यात सुमारे ७०० किलोकॅलरी आणि वीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं मिळतात. हे सगळं कोल्हापूरच्या बाजारात पोत्यांनी मिळतं. पुड्या प्लास्टिकमध्ये बंद कराव्यात, चुरमुरे वेगळे, नाहीतर गुळाच्या ओलीने सादळतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे आणि फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी दाण्याचा कूट गुळात मळून मऊ लाडू करावेत.