अतिवृष्टी, दीर्घकालीन (कोल्हापूर परिसर)

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या हंगामात, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व त्यालगतच्या खोऱ्यांत सलग काही दिवस, प्रसंगी दीड-दोन आठवडे, फारशी उघडीप न देता पडणारा जोरदार पाऊस. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांतील ६४.५ ते ११५.५ मिमी पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिमी पावसाला अतिजोरदार आणि त्यापुढील पावसाला अत्यंत जोरदार मानतो. महसूल खाते एखाद्या मंडळात ६५ मिमी पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद करते. हे निकष एकेका दिवसाचे आहेत. पंचगंगेचा महापूर मात्र अनेक दिवसांच्या बेरजेतून येतो, त्यामुळे या परिसरात एका दिवसाच्या उच्चांकापेक्षा पाऊस किती दिवस टिकला याला अधिक महत्त्व आहे. एप्रिल-मेमधील वळीव यात धरला जात नाही. तो तापलेल्या जमिनीवरील उंच ढगांतून, विजांसह आणि कधी गारांसह, तास-दोन तास कोसळून थांबतो.

जिल्ह्यातील पावसाची वाटणी कमालीची विषम आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या पश्चिमेकडील ओल्या पट्ट्यातून पाणी आणतात आणि प्रयाग चिखली येथे त्यांच्या संगमातून पंचगंगा पुढे निघते. शहरात दिवसभर नुसती भुरभुर असताना नदीचे पाणी पात्राबाहेर पडते, ते यामुळेच.

पावसाचे मूळ अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पयुक्त पश्चिमी वाऱ्यांत आहे. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेणारा वाऱ्यांचा खालच्या थरातील झोत सह्याद्रीवर आदळून वर चढतो, थंड होतो आणि त्यातील बाष्पाचे ढग बनतात. हे ढग बहुधा फार उंच नसतात व त्यांत विजा क्वचितच असतात. तरीही मागून बाष्प येत राहते तोवर ते त्याच जागी पुन्हा पुन्हा तयार होतात. परंतु पश्चिमी वारे तर साऱ्या हंगामभर असतात, आणि महापूर दरवर्षी येत नाही. पाऊस लांबण्यासाठी या वाऱ्यांना बळ देणाऱ्या दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: गुजरात ते केरळ किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा आणि बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असा पश्चिमेकडे सरकणारा कमी दाबाचा प्रदेश. एक प्रदेश विरण्याआधी दुसरा तयार झाला, तर झड मोडतच नाही.

पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस हे नक्षत्रांवरून बांधलेले शेतकऱ्यांचे ठोकताळे या झडीच्या काळाशी बऱ्यापैकी जुळतात, पण ते हंगामाची सरासरी चाल सांगतात, अमुक वर्षाचा अंदाज नव्हे. २०१९ चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, लांबलेल्या पावसाने आला. २०२१ चा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, थोड्या दिवसांच्या पण विलक्षण तीव्र पावसाने. मे २०२५ मध्ये वेगळाच प्रकार घडला. दक्षिण कोकण किनाऱ्याजवळील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि मोसमी वारे २४ मे रोजीच केरळात पोहोचले, त्यामुळे वळवाच्या दिवसांतच पावसाळी झड लागली.

पूर्वानुमान मुदतीनुसार बदलते. हवामान विभागाचे चार आठवड्यांपर्यंतचे विस्तारित अंदाज मोसमी पावसाचा जोर वाढेल की ओसरेल एवढेच सुचवतात. त्यानंतर तीन ते पाच दिवस आधी, उपसागरातील कमी दाबाचा मार्ग स्पष्ट होऊ लागला की, जिल्हानिहाय पिवळा, नारिंगी वा लाल इशारा दिला जातो. झड लागणार हे सांगण्यात आजची प्रारूपे, म्हणजे हवामानाचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रणाली, भरवशाची आहेत. गगनबावड्याला १५० मिमी पडेल की ३०० मिमी, हे सांगण्यात नाहीत. प्रारूप जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकासाठी एकच आकडा काढते; जागतिक प्रारूपाच्या बारा किलोमीटरच्या अशा चौकटीत घाटाचा कडा बोथट होतो. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या भारत पूर्वानुमान प्रणालीत ही चौकट सहा किलोमीटरची आहे. रडारलाही मर्यादा आहेत: पणजीच्या डॉप्लर रडारचा किरण कोल्हापूरपर्यंत येईतो पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीपासून दोन किलोमीटरहून अधिक उंचीवर गेलेला असतो, आणि घाटातील पावसाचा बराच भाग त्याखाली राहतो. म्हणून ऐन पावसात पर्जन्यमापकांच्या नोंदींना पर्याय नाही.

पावसाच्या अंदाजातून पुराचा अंदाज काढताना जमीन किती भिजली आहे आणि धरणे किती भरली आहेत हे पाहावे लागते. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे जलाशय भरल्यावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. तोवर धरणाने अडवलेला पाऊस त्यानंतर थेट भोगावतीत येतो. पंचगंगेवरील, कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर, तर २०२१ मध्ये ५६ फुटांवर गेले होते. पंचगंगा शिरोळ तालुक्यात जेथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असेल, तर पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. त्यामुळे शिरोळच्या पुराचा अंदाज पंचगंगेच्या खोऱ्यातील पावसाइतकाच महाबळेश्वर-नवजा भागातील पावसावर आणि कोयनेतून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असतो, आणि कोल्हापुरात ऊन पडल्यावरही तेथील पाणी काही दिवस उतरत नाही.