हवेतले पीएफएएस : उशिरा लागलेला माग

२००१ साली जॉन गीझी आणि कुरुंथाचलम कन्नन या संशोधकांनी जगभरच्या वन्यप्राण्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन त्यांना ध्रुवीय अस्वलांच्या शरीरातही आढळले होते. आर्क्टिकमध्ये त्याचा कारखाना नाही. मग ते तिथवर पोहोचले कसे? हवेतल्या पीएफएएसचा, म्हणजे पीएफओएस ज्यात मोडते त्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या कुळाचा, अभ्यास बऱ्याच अंशी या कोड्यामुळे वाढला.

त्याआधी हवेकडे फारसे कोणी पाहिले नव्हते, आणि त्याला कारणही होते. १९३८ मध्ये ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन अपघातानेच सापडले. पुढे थ्रीएम कंपनीने पीएफओएस, पीएफओए ही याच कुळातली आम्ले मोठ्या प्रमाणावर बनवली. कार्बन-फ्लोरिन बंध इतका चिवट, की ऊन, पाणी, जिवाणू यांना तो सहसा तुटत नाही. मात्र ही आम्ले पाण्यात गेली की त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात, आणि आयन वाफ होऊन उडत नाहीत. त्यामुळे ती पाण्यातच राहणार, असे मानले गेले. शिवाय मोजायचे साधनही नव्हते. डोनाल्ड टेव्हज यांना १९६८ मध्येच मानवी रक्तात सेंद्रिय फ्लोरिन दिसले होते, पण ते नेमके कोणत्या संयुगाचे हे अत्यल्प मात्रेत ओळखणे सर्रास जमू लागले ते १९९० च्या दशकाअखेर, मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या लिक्विड क्रोमॅटोग्राफीला रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरची जोड मिळाल्यावर.

कोड्याचा पहिला मोठा धागा टोरांटो विद्यापीठातल्या स्कॉट मेबरी यांच्या गटाने सोडवला. आम्ल स्वतः उडत नसले तरी त्याचे पूर्वज उडतात. कापड आणि कागदावरच्या लेपांसाठी वापरली जाणारी फ्लोरोटेलोमर अल्कोहोले सहज वाफ होतात. २००२ मध्ये या गटाने ती कॅनडाच्या हवेत मोजून दाखवली. हवेतला हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिक्रियाशील रेणूतुकडा त्यांना फोडतो, पण त्याला सुमारे २० दिवस लागतात. तेवढ्या काळात वारा त्यांना हजारो किलोमीटर दूर नेतो आणि वाटेत त्यांचीच पीएफओएसारखी आम्ले बनतात. हे २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या बंद कक्षात सिद्ध झाले. २००७ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या डेव्हन हिमटोपीवरच्या बर्फातही ही आम्ले मिळाली. त्या उंचीवर हवेखेरीज ती येण्याचा मार्गच नाही. मला हा पुरावा सर्वांत देखणा वाटतो.

दुसरा मार्ग समुद्राचा. ही रसायने साबणासारखी पृष्ठभागावर जमतात. लाटेतला बुडबुडा फुटला की तिथे साचलेली रसायने सूक्ष्म तुषारांबरोबर हवेत फेकली जातात. स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रयोगांनी दाखवले. म्हणजे समुद्रात गेलेले कायमचे गेले, हा दिलासाही टिकला नाही.

मोजणी मात्र अजूनही नाजूक आहे. मात्रा बहुधा घनमीटरमागे पिकोग्रॅमची, म्हणजे ग्रॅमच्या लक्षकोटीव्या भागांची. म्हणून पंपाने शेकडो घनमीटर हवा ओढतात : आधी फिल्टर, त्यावर कण अडकतात; मागे पॉलियुरेथेन फोम आणि एक्सएडी ही शोषक राळ, त्यात वायू अडकतो. तत्त्व सोपे, पण वायुरूप पीएफओए काचतंतूच्या फिल्टरलाच चिकटते आणि कणांवर असल्यासारखे भासते. जुन्या आकडेवारीतली कण-वायू विभागणी म्हणूनच जपून वाचावी लागते. भरीला उपकरणांच्या नळ्या, झाकणे खुद्द टेफ्लॉनची. कोरे नमुने, म्हणजे हवा न ओढता तसेच हाताळलेले फिल्टर आणि फोम, तपासल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवताच येत नाही. जिथे वीज नाही तिथे राळेची पूड लावलेली फोमची चकती काही आठवडे नुसती टांगून ठेवतात.

कारखान्यांच्या धुरांड्यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ मध्ये ओटीएम-४५ ही मोजणीची पद्धत दिली, पण ती अर्धवट बाष्पशील आणि कणांवरच्या संयुगांपुरती. पीएफएएस असलेला कचरा भट्टीत जाळल्यानंतर अर्धवट तुटून उरणारे लहान, अतिबाष्पशील रेणू तिच्या हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी धातूच्या डब्यात हवा भरून घेणारी ओटीएम-५० पद्धत यायला २०२४ उजाडले. तोवर भट्टीतून पीएफओए बाहेर पडत नाही एवढ्यावरून ते नष्ट झाले असे मानण्याची सोय होती. रेणू पुरता मोडला, की त्याचे नुसते तुकडे होऊन हवेत गेले, हे त्या मोजणीतून कळत नव्हते.