एका गावाची चार नावे आणि ‘नेटिव्ह’चा घोळ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थांत आणि वाचनालयांत सभासदाची नोंद कधी एकसारखी नसते. कुणाचे नाव मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असते, तर कुणाचे एकाच. मग प्रत्येक रूपाला वेगळा कॉलम द्यायचा, की टॅगांसकट (माहितीच्या प्रत्येक तुकड्याला लावलेल्या नावाच्या खुणांसकट) सगळा मजकूर एकाच कॉलममध्ये ठेवायचा? हा वाद इथला असला तरी मूळ जुने आहे.

1970 मध्ये डेटाबेसची रिलेशनल पद्धत (माहिती टेबलांत मांडण्याची) मांडली गेली ती एका खान्यात एकच, न फोडता येणारे मूल्य या अटीवर. 1998 मध्ये एक्सएमएल 1.0, म्हणजे टॅग लावून माहिती लिहिण्याची पद्धत, आली आणि या अटीला धक्का बसला. तेव्हा वाटा दोनच होत्या. मजकूर जसाच्या तसा मोठ्या टेक्स्ट-कॉलममध्ये टाकला, तर शोधताना अख्खे टेबल चाळावे लागे. टॅग फोडून टेबलांत वाटला, तर नवा टॅग आला की टेबले बदला.

तिसरी वाट ‘नेटिव्ह’ नावाने आली, म्हणजे डेटाबेसमध्येच एक्सएमएलसाठी खास कॉलम-प्रकार, आणि गोंधळ तिथेच सुरू झाला. एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या) प्रमाणाला 2003 मध्ये एक्सएमएलचा स्वतंत्र भाग जोडला गेला. मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर 2005 आणि आयबीएमचे 2006 चे डीबीटू 9, हे दोन्ही डेटाबेस नेटिव्ह म्हणवले गेले. अर्थ मात्र एक नव्हता. डीबीटू कागदपत्राचे झाडच (टॅगच्या आत टॅग अशी फांद्यांची रचना) साठवते. एसक्यूएल सर्व्हर ते अंतर्गत बायनरी रूपात ठेवते, आणि त्यावर प्रायमरी एक्सएमएल इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) घातला की आतून प्रत्येक टॅगची ओळ असलेले टेबलच तयार होते. म्हणजे जे फोडणे टाळायचे होते तेच पडद्याआड घडते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 8.3 आवृत्तीत (2008) एक्सएमएल प्रकार आला. तो मजकूर सुघटित (टॅग नीट उघडलेले-मिटलेले) आहे का एवढे तपासतो, पण त्या कॉलमची तुलना करता येत नाही, म्हणून थेट इंडेक्सही घालता येत नाही.

नेटिव्ह म्हणजे ‘मूळ बरहुकूम’ असे समजणे सर्वांत महागात पडते. एसक्यूएल सर्व्हरमधून परत घेतलेल्या कागदपत्रात वरची घोषणा-ओळ नसते आणि अनावश्यक रिकाम्या जागा गळालेल्या असतात. मूळ फाइलवर काढलेला हॅश (फाइलच्या मजकुराचा ठशासारखा आकडा) मग जुळत नाही. कर्जाच्या कागदपत्रांसाठी मूळ फाइल वेगळ्या बायनरी कॉलममध्ये ठेवलीच पाहिजे.

जेसन, म्हणजे कळ आणि तिचे मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत, हिच्या बाबतीतही तेच घडले. पोस्टग्रेस 9.2 (2012) मधला जेसन प्रकार मजकूर जसाचा तसा ठेवतो, पण प्रत्येक क्वेरीला नव्याने वाचतो. 9.4 (2014) मधला जेसनबी हा बायनरी रूपातला प्रकार इंडेक्स घेतो. मात्र कळींचा क्रम बदलतो आणि एकच कळ दोनदा आली तर शेवटचीच ठेवतो. मायएसक्यूएलमध्ये जेसन प्रकार 5.7 मध्ये (2015) आला. 0045 असा खाते क्रमांक अवतरणचिन्हांतच द्यावा लागतो, कारण शून्याने सुरू होणारी अनेक-अंकी संख्या जेसनला चालत नाही.

1 नोव्हेंबर 2014 ला बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाले आणि जुने कॉलम अपुरे पडले. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी आणि कन्नडचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्राही चिन्हच. ‘बेळगाव’ सहा चिन्हांचे, म्हणजे 18 बाइट. अनुस्वार दिलेले ‘बेळगांव’ 21, कन्नड लिपीतले नवे नावही 21. ओरॅकल या डेटाबेसमध्ये कॉलमची मर्यादा मुळात बाइटमध्ये मोजतात, म्हणून 20 च्या कॉलममध्ये पहिले बसते आणि बाकी दोन नाकारली जातात. मर्यादा बाइटऐवजी चिन्हांत द्यावी.

‘अॅड.’ आणि ‘ॲड.’ डोळ्यांना सारखेच दिसतात. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत 2008 मध्ये, युनिकोड (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे प्रमाण) 5.1 मध्ये मिळाला. जुन्या नोंदींत ‘अ’ला चंद्र जोडलेला आहे. युनिकोडचे नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया, ही दोन रूपे एक करत नाही. नोंद भरतानाच एक रूप ठरवून बदल करावा लागतो.

जेसनबीवर घातला जाणारा जिन नावाचा इंडेक्सही नेमके मूल्यच जुळवतो. ‘निपाणी’ विचारले तर ‘निप्पाणी’ सापडत नाही. म्हणून गावाचा संकेतांक साध्या कॉलममध्ये फॉरेन कीने (गावांच्या टेबलातल्या नोंदीशी जोडणाऱ्या दुव्याने) बांधावा आणि नावाची रूपेच तेवढी जेसनबीत ठेवावीत.