डझनातले बाण सारखे कशाने होतात? काठीच्या स्पाइनची पार्श्वभूमी

तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूच्या बाणांबद्दल एक अट आहे: एका फेरीत वापरलेले सगळे बाण दिसायला एकसारखे हवेत. पिसांचा रंग, नॉकचा (दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेचा) रंग, बाणाच्या काठीवरचे पट्टे, सगळं तेच. काठी ९.३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, हेही लिहिलेलं आहे. पण सगळे बाण सारखेच वाकतात का, म्हणजे त्यांच्या काठीचा कडकपणा (स्पाइन) सारखा आहे का, हे नियम विचारत नाही. ते खेळाडूने, प्रशिक्षकाने आणि बाण बनवणाऱ्याने बघायचं. गडचिरोली, मेळघाट, बुलडाण्याकडे बांबूच्या बाणांनी इंडियन राउंड, म्हणजे देशी धनुष्याचा स्पर्धाप्रकार, खेळणाऱ्या पोरांचे गुण बऱ्याचदा याच ठिकाणी जातात आणि दोष त्यांच्या हाताला दिला जातो.

जुन्या काळात फार शिरायला नको. आपल्या जंगलपट्ट्यात गोंड, माडिया, कोरकू घरांतून धनुष्य होतंच, आणि बाण करणारा माणूस काठी हातात घेऊन, दोन टोकांशी वाकवून तिचा अंदाज घ्यायचा. शिकारीत मात्र पहिल्या बाणाला महत्त्व. दुसरा बाण मारायची वेळ क्वचितच यायची आणि अंतरही थोडं असायचं. सहावा बाण पहिल्याच्या शेजारी पडला पाहिजे ही गरज निशाणेबाजीच्या स्पर्धेने आणली. जुळवणीचा खरा इतिहास तिथून सुरू होतो, आणि त्यातला कामाचा भाग गेल्या नव्वद वर्षांतला आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत एका भौतिकशास्त्रज्ञाने सुटत्या बाणाचं अतिवेगवान चित्रीकरण केलं. जुन्या लाकडी धनुष्यात मूठ बाणाच्या वाटेतच येते. दोरी ओढल्यावर बाण लक्ष्याच्या थोडा बाजूला रोखलेला असतो, तरी जातो मात्र सरळ. हे कोडं तिरंदाजांना कधीचं माहीत होतं. चित्रीकरणात दिसलं की मागून अचानक जोर आल्यावर बाण आधी वाकतो, मग उलट वाकतो आणि असा लहरत मुठीला वळसा घालून निघतो. दोरी त्याला ढकलते तो वेळ सेकंदाच्या साठाव्या-सत्तराव्या भागाइतका. तेवढ्यात काठीचं एखादंच आंदोलन पुरं होतं. काठी नरम असेल तर ती जास्त आणि सावकाश वाकते, कडक असेल तर कमी आणि लवकर. दोन्ही चुकीच्या वेळी मुठीपाशी पोचतात. उजव्या हाताने मारणाऱ्याचा कडक बाण डावीकडे जातो, नरम बाण उजवीकडे. एकाच डझनात दोन्ही प्रकारचे बाण असले, तर पोरगं कितीही चांगलं मारू दे, बाण एका जागी गोळा व्हायचे नाहीत.

त्या वेळी चांगले बाण अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या सीडर लाकडाचे असायचे. लाकूड म्हटलं की एका झाडाच्या दोन काठ्या सारख्या नसतात. म्हणून मोजमाप ठरलं: काठी २६ इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मध्यभागी २ पौंडांचं वजन टांगायचं आणि ती किती इंच खाली झुकते ते बघायचं. २६ ला त्या झुकावाने भागलं की आकडा पौंडांत मिळतो. ०.६५ इंच झुकली तर ४० पौंड, ०.५२ इंच झुकली तर ५०. अशा काठ्या पाच-पाच पौंडांच्या गटांत विकल्या जायच्या: ४० ते ४५, ४५ ते ५०. पैसे जास्त मोजले तर गट आणखी अरुंद मिळायचा. आकडा पौंडांत ठेवण्यामागे सोय होती. ४५ पौंडांचं धनुष्य असेल तर ४५ च्या आसपासची काठी घ्या, एवढं दुकानदाराला सांगता यायचं.

या पद्धतीतली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पाच पौंडांचा प्रत्येक गट सारखाच रुंद नसतो. ३० पौंडांची काठी २२ मिलिमीटर झुकते, ३५ ची सुमारे १९. म्हणजे फरक ३ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. ६० आणि ६५ मधला फरक मात्र एका मिलिमीटरपेक्षाही कमी. आपल्या आश्रमशाळांतल्या लहान मुलांची हलकी धनुष्यं पहिल्या टोकाला येतात. त्यांच्या बाणांतला फरक पट्टीवर, नाक्यावरच्या सुतारालाही मोजता येईल असा आहे.

१९३९ मध्ये अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या नळीचे बाण बनले आणि १९४१ मध्ये तिथली राष्ट्रीय स्पर्धा त्यांनीच जिंकली गेली. युद्धानंतर ते कारखान्यातून नियमित येऊ लागले. ॲल्युमिनियमची लवचीकता ठरलेली असते. नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी माहीत असली की कडकपणा आपोआप कळतो. म्हणून त्या बाणांवर कडकपणा लिहायची गरजच नव्हती. १८१६ असं छापलं असेल तर व्यास एका इंचाच्या ६४ भागांपैकी १८ आणि भिंत इंचाच्या हजाराव्या भागांत १६. तोच आकडा म्हणजे तीच काठी, आज घ्या की पुढच्या वर्षी. १९७२ ला म्युनिकमध्ये तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली तेव्हा निशाण्यावर ॲल्युमिनियमच होतं.

इथे एक बदल झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात तोच सर्वांत महत्त्वाचा. जुळवणी तोवर बाण करणाऱ्याच्या हातात होती. ती कारखान्याच्या आत गेली. खेळाडूला ती करावी लागेना, मग प्रशिक्षकाला शिकवावी लागेना. पुढच्या पिढीच्या प्रशिक्षणात ॲल्युमिनियम आणि कार्बन गृहीत धरलेलं होतं. ज्यांच्या हातात लाकूड किंवा बांबूच राहिला, त्यांच्यासाठी हे ज्ञान कुणी सांभाळून ठेवलं नाही.

गोल्फमध्येही असंच काहीसं घडलं, पण उलट्या गरजेतून. हिकरी लाकडाच्या काठ्यांच्या जागी पोलादी काठ्या आल्या: अमेरिकेत १९२४ ला परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ ला. तिथे लोखंडी क्लबांच्या संचात प्रत्येक काठी मागच्या क्लबपेक्षा साधारण अर्धा इंच आखूड असते आणि डोकं जड होत जातं. त्यामुळे जुळवणी म्हणजे सारखेपणा नसून एक ठरलेला उतार: आखूड क्लबला कंपनांचा वेग थोडा जास्त, दर क्लबला तेवढाच वाढत जाणारा. बुंधा पकडून काठी झुलवायची आणि मिनिटाला किती कंपनं होतात ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. बाणांना उतार नको, सगळे एकाच रेषेत हवेत. म्हणून आपलं काम खरं तर सोपं आहे.

आता आकड्यांच्या गुंत्याकडे. कार्बनची काठी आली आणि व्यास-भिंतीचं गणित कोलमडलं. तंतू कसे गुंडाळले, कोणत्या दर्जाचे वापरले, यावर कडकपणा ठरतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन काठ्या अगदी वेगळ्या निघू शकतात. म्हणून काठीवर थेट झुकावाचा आकडा छापायची पद्धत रुळली. त्यासाठीचं माप मात्र जुनं नव्हतं. टेकूंमधलं अंतर २६ ऐवजी २८ इंच झालं आणि वजन २ पौंडांऐवजी १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम. या मापावर काठी अर्धा इंच झुकली तर ती ५०० ची.

यात दोन गोष्टी एकदम उलटल्या. पौंडांत आकडा वाढला की काठी कडक. नव्या पद्धतीत आकडा वाढला की काठी नरम. ३५० ची काठी ५०० पेक्षा कडक, हे नव्या माणसाला पहिल्यांदा पटतच नाही. दुसरं म्हणजे दोन्ही मापं एकमेकांत सरळ बदलता येत नाहीत. झुकाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २६ चे २८ इंच केले तर तो सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो, आणि वजन थोडं कमी असल्यामुळे एकूण वाढ २१ टक्क्यांच्या आसपास राहते. नव्या मापावरचा ०.५०० इंच झुकाव जुन्या मापावर ०.४१३ भरतो. २६ ला त्याने भागलं की ६३ पौंड येतात.

मग कुणी हिशेब करतो की ५०० ची काठी ६३ पौंडांची, म्हणजे ६३ पौंडांच्या धनुष्याची. प्रत्यक्षात ती ४० पौंडांच्या आसपासच्या आजच्या रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेल्या, ऑलिंपिकमधल्या धनुष्याला) चालते. जुना पौंडांचा आकडा अशा लाकडी धनुष्यासाठी होता, ज्याच्या मुठीला बाणाने वळसा घालायचा असतो. तिथे काठी वाकायलाच हवी. आजच्या रिकर्व्हची मूठ मध्यापर्यंत कापलेली असते, बाण जवळजवळ सरळ निघतो, म्हणून त्याला जास्त कडक काठी सोसते. इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य पहिल्या प्रकारचं. कार्बनच्या काठ्या निवडायच्या तक्त्यावरून त्याचा बाण निवडला तर तो कडकच निघणार. विदर्भात रिकर्व्ह शिकलेला प्रशिक्षक बांबूच्या मुलांना शिकवतो तेव्हा ही चूक सहज घडते, आणि तक्ता हातात असल्यामुळे ती चूक वाटतही नाही.

छापील आकड्यात आणखी एक उणीव आहे. तो स्थिर काठीचा आहे. काठी आखूड कापली की ती कडक होते, टोकाला जड पॉइंट (अणी) लावला की नरम वागते. एकच ५०० ची काठी दोन मुलांच्या हातात दोन तऱ्हेने वागेल. पण डझनाच्या जुळवणीपुरता हा वाद बाजूला ठेवता येतो, कारण एका मुलाच्या सगळ्या बाणांची लांबी आणि पॉइंट तेच असतात. बाराही काठ्या एकाच मापावर सारख्या झुकल्या की पुरे. आकडा कोणत्या पद्धतीचा, याला इथे महत्त्व नाही. प्रशिक्षकांच्या बोलण्यात हे दोन प्रश्न, कोणती काठी आणि काठ्या सारख्या आहेत का, एकत्र होतात. पहिला अवघड म्हणून दुसराही सोडून दिला जातो.

भारतात तिरंदाजीची राष्ट्रीय संघटना १९७३ ला झाली आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये भारतीय तिरंदाज पहिल्यांदा उतरले. राष्ट्रीय पातळीवर देशी धनुष्यासाठी इंडियन राउंड हा वेगळा प्रकार राहिला. गावातल्या मुलांना खेळात यायचं ते स्वस्त दार आहे. विदर्भातून पुढे काय निघू शकतं हे २०२३ ने दाखवलं. मे महिन्यात बुलडाण्याच्या तिरंदाजाने शांघायच्या विश्वचषकात जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या खेळाडूला हरवून सुवर्ण घेतलं. ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरच्या २१ वर्षांच्या तरुणाने जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मारले. हे दोघेही कंपाऊंडचे, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे. तिथे बाण कारखान्यातून मोजून, तोलून येतात, आणि त्यावरही कार्बनचा थर जिथे जुळतो त्या शिवणीमुळे एखादा बाण वेगळा वागला तर नॉक थोडा फिरवून बघितला जातो. ज्यांच्याकडे सर्वांत नेमके बाण आहेत, तेच जुळवणीवर सर्वांत जास्त वेळ घालवतात.

बांबूला याची गरज कितीतरी जास्त. चंद्रपूर-गडचिरोलीचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव, तंतू दाट, बाणासाठी उत्तम. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपला बांबू विकण्यासाठीचा वाहतूक परवाना मिळाला, तेव्हापासून चांगला बांबू ग्रामसभेकडून घेण्याची वाटही खुली झाली. पण बांबूची काठी बुंध्याशी जाड, शेंड्याला बारीक. पेरांची अंतरं वेगळी. आणि एका बाजूने जेवढी वाकते तेवढी दुसऱ्या बाजूने नाही. म्हणून बांबू मोजताना काठी फिरवून दोन बाजूंनी झुकाव बघावा लागतो, कडक बाजूवर खूण करावी लागते, आणि पिसं लावताना ती खूण सगळ्या बाणांत धनुष्याच्या बाजूलाच येईल असं बघावं लागतं. हे न करता नुसत्या वजनावर जुळवलेले बाण तराजूवर सारखे आणि निशाण्यावर विखुरलेले असतात.

कडक काठी घासून नरम करता येते, पण हात जपून. गोल भरीव काठीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो: ८ मिलिमीटरच्या काठीचा व्यास घासून ०.२ मिलिमीटरने कमी केला की ती सुमारे १० टक्के नरम होते. बांबूत त्याहून जास्तच, कारण त्याची ताकद सालीलगतच्या तंतूंत असते. नरम काठी कडक करायची सोय नाही. हवेचंही बघावं लागतं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात मोजलेली काठी श्रावणात ओल धरते आणि जास्त झुकते. म्हणून सगळ्या काठ्या एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजायच्या, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा.

यासाठी लागतं काय? एक सरळ फळी, २६ इंचांवर दोन खिळे, ९०७ ग्रॅमचं वजन, मिलिमीटरची पट्टी. चाळीस-पन्नास शेकून सरळ केलेल्या काठ्यांतून एका मिलिमीटरच्या आतल्या बारा निघतात. उरलेल्या वाया जात नाहीत. त्यांचेही गट पडतात: जास्त झुकणाऱ्या हलक्या धनुष्याच्या लहान मुलांकडे, कमी झुकणाऱ्या मोठ्यांकडे. गावातला बुरड किंवा सुतार हे एका दुपारी करू शकतो. त्याला २६ आणि ९०७ हे दोन आकडे कुणीतरी लिहून द्यायला हवेत.