बालवयातील स्थूलता आणि चयापचयी विकार

वयाच्या व उंचीच्या मानाने मुलाच्या शरीरातील मेद आरोग्याला बाधेल इतका वाढणे, या अवस्थेस बालवयातील स्थूलता म्हणतात. बोलीत ‘लठ्ठपणा’, ‘जाडी’ हे शब्द रूढ आहेत. ‘बाळसे’ मात्र निराळे. तान्ह्या मुलाच्या मनगटाला आणि मांडीला वळ्या पडतात ते बाळसे. पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ते भरते आणि मूल चालू-पळू लागले की उतरते. त्यानंतर मूल शिडशिडीत होत जाऊन ५ ते ७ वर्षांच्या सुमारास मेद पुन्हा वाढीस लागतो. फ्रेंच संशोधिका मारी-फ्रान्स्वाझ रोलाँ-काशेरा यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, हा दुसरा उठाव जितका लवकर येतो, तितकी पुढे स्थूलतेची शक्यता अधिक. म्हणजे चौथ्या वर्षी ‘अजून बाळसं आहे’ असे कोणी कौतुकाने म्हणत असेल, तर ते बहुधा बाळसे नसते. ‘गुटगुटीत बालक स्पर्धां’नी या दोन गोष्टींतली रेघ बरीच पुसली.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१व्या अध्यायात आठ निंदित पुरुषांमध्ये ‘अतिस्थूल’ मोजला आहे. संहितेचा काळ निश्चित नाही. तिचे आजचे रूप इ.स.पू. दुसरे शतक ते इ.स. दुसरे शतक या दरम्यानचे असावे, असे साधारणतः मानले जाते. अतिस्थौल्याच्या कारणांत गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांबरोबर ‘बीजस्वभाव’ही दिला आहे. त्यावरून आनुवंशिकतेची कल्पना तेव्हा होती, असे काही अभ्यासक म्हणतात. मात्र त्याच यादीत ‘अव्यवाय’ (मैथुनाचा अभाव) आहे, त्याअर्थी हे वर्णन प्रौढांचे आहे. बालरोगाच्या इतिहासाचा धागा तिथपर्यंत ताणणे प्रस्तुत नोंदकाराला धाडसाचे वाटते. स्थूल आणि कृश यांत कृश बरा, हा चरकाचा निवाडा मात्र आजच्या संशोधनाच्या कसोटीवर अर्धाच उतरतो. त्याचे कारण पुढे येईल.

मोजमाप व सीमारेषांचा वाद : वजन (किलोग्रॅम) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, हा देहवस्तुमान निर्देशांक बेल्जियन गणिती आदोल्फ केतले याने १८३२ च्या सुमारास सुचवला. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मात्र १९७२ मध्ये अँसेल कीज यांच्या लेखातून मिळाले. प्रौढांसाठी एकच आकडा चालतो. मुलाची उंची, स्नायू आणि मेद दरवर्षी बदलत असल्याने त्याला वय व लिंगानुसार वेगळा तक्ता लागतो, आणि वाद तिथेच सुरू होतो. २००० मध्ये टिम कोल व सहकाऱ्यांनी ब्राझील, ब्रिटन, हाँगकाँग, नेदरलँड्स, सिंगापूर व अमेरिका या सहा ठिकाणच्या नोंदी एकत्र करून १८व्या वर्षी २५ (अतिवजन) व ३० (स्थूलता) या प्रौढ आकड्यांना जाऊन मिळणाऱ्या रेषा आखल्या. त्यात भारत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात ५ ते १९ वर्षांसाठी मध्यकापासून (मधल्या मुलाच्या आकड्यापासून) एक प्रमाण विचलन (आकड्यांच्या पसरटपणाचे माप) वर म्हणजे अतिवजन व दोन वर म्हणजे स्थूलता, असे ठरले. पाच वर्षांखालील मुलांसाठी त्याच संघटनेची पट्टी २ व ३ विचलनांची आहे, हे अहवाल वाचताना पुष्कळांच्या नजरेतून सुटते आणि दोन वयोगटांची टक्केवारी एकमेकांशेजारी ठेवली जाते.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारलेले तक्ते प्रसिद्ध केले. ते तयार करताना स्थूल मुलांच्या नोंदी मुद्दाम वगळल्या, नाहीतर स्थूलताच ‘सर्वसाधारण’ ठरली असती. त्यांत अतिवजन व स्थूलतेच्या रेषा आशियाई प्रौढांसाठीच्या २३ व २७ या खालच्या आकड्यांना जुळवल्या आहेत. म्हणजे एकच मूल जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर सुटते आणि भारतीय तक्त्यावर अडकते. खालच्या रेषांनी नाहक काळजी पसरते, असा आक्षेप घेतला जातो. पण खाली दिलेल्या पुण्याच्या निष्कर्षांकडे पाहता भारतीय रेषा अधिक समर्थनीय दिसतात.

निर्देशांकाला मेद आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. कुंडलच्या कुस्ती-मैदानात उतरणारा तालमीतला पोरगा आणि दिवसभर मोबाईल घेऊन बसणारा त्याचा वर्गमित्र यांचा आकडा सारखा येऊ शकतो. (तालीम दहावीला सुटते, खुराक सुटत नाही, मग दोघांतला फरकही राहत नाही.) म्हणून कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, ही सोपी कसोटी अलीकडे मान्यता पावत आहे. तिला टेपही लागत नाही. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, दुमडून निम्मी करावी आणि बेंबीच्या रेषेत पोटाभोवती गुंडाळावी. टोके भिडली नाहीत तर घेर जास्त. १५० सेंमी. उंचीच्या मुलाला ही मर्यादा ७५ सेंमी. येते.

‘कृश-मेदुर’ बालक : या विषयातील सर्वांत मूलगामी काम महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ. भरले; इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किग्रॅ. होते. पुण्याची बालके स्नायूंत आणि पोटातील अवयवांच्या आकारात बरीच उणी होती. पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरलेल्या त्वचेच्या घडीत, म्हणजे मेदात, मात्र जवळजवळ उणी नव्हती. दिसायला कृश, आतून मेदुर, असे हे बालक. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले : दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

याचे कारण काय, यावर मतभेद आहेत. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली : दुष्काळात तगून राहिलेल्या पूर्वजांकडून मेद साठवण्याचा वारसा आला. जॉन स्पीकमन यांनी ती नाकारून, शिकारी श्वापदांचे भय संपल्यावर मेद रोखणारी नैसर्गिक निवड सैल झाली आणि जनुके वाऱ्यावर सुटली, असे सुचवले. हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये जनुकांऐवजी गर्भाकडे बोट दाखवले. गर्भात अन्न तोकडे पडले की शरीर मेंदू वाचवते आणि स्वादुपिंड व स्नायू यांत काटकसर करते. पुढे अन्न मुबलक झाले की हीच काटकसर अंगलट येते. पुण्याचा पुरावा या तिसऱ्या मताकडे झुकतो, पण केवळ अन्न कमी एवढेच त्यात नाही. गरोदरपणी फोलेट जास्त आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी मेद व इन्शुलिनरोध (इन्शुलिनला शरीराने दाद न देणे) अधिक आढळला (२००८). शाकाहारी व मिताहारी घरांत ब-१२ ची उणीव सर्रास असते.

चयापचयी बिघाड : त्वचेखालील मेदाची कोठारे भरली की जादा मेद यकृतात, स्नायूंत व पोटातील अवयवांभोवती साठतो. मेदाने भरलेले यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होते, स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडते, रक्तातील ट्रायग्लिसराइड (मेदाचा एक प्रकार) वाढतात आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’, कोलेस्टेरॉल घटते. पौगंडावस्थेत वाढ-संप्रेरकामुळे इन्शुलिनरोध तसाही काही काळ वाढतो. त्यामुळे आठवी-नववीच्या वयात घेतलेली एकच तपासणी फसवी ठरू शकते.

बाहेरून दिसणारी एक खूण मात्र स्वस्त आणि बोलकी आहे. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळपट, जाड आणि मखमलीसारखी होते. दवाखान्यात आई पदराचे टोक ओले करून मुलाची मान घासून दाखवते, ‘मळ निघतच नाही हो’ म्हणते. घरी वजरीने घासून ती लालही झालेली असते. तो मळ नसतो. रक्तातील जादा इन्शुलिनची ती सावली असते आणि वजन उतरले की फिकट होते.

या बिघाडांच्या एकत्रित रूपाला चयापचयी लक्षणसमूह म्हणतात. जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये प्रौढांच्या संदर्भात ही कल्पना मांडली. मुलांसाठी एकमत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००७ च्या व्याख्येत दहा वर्षांखाली हे निदान करूच नये असे म्हटले आहे. १० ते १६ वर्षांत कंबरेचा घेर ९०व्या शततमकावर (शंभरांतल्या नव्वद मुलांहून जास्त) आणि शिवाय ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला १५० मिग्रॅ. वा अधिक, एचडीएल ४० हून कमी, रक्तदाब १३०/८५ वा अधिक, उपाशीपोटी साखर १०० वा अधिक, यांपैकी दोन गोष्टी लागतात. २००३ च्या कुक यांच्या व्याख्येत ट्रायग्लिसराइडची मर्यादा ११० आहे, म्हणून तीच मुले तपासूनही टक्केवारी वेगळी येते. समूहाचे नाव लावण्यापेक्षा एकेक घटक मोजून त्यावर उपाय करावा, हे मत अलीकडे बळावले आहे.

धोका दूरचा नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९७३ पासून चाललेल्या बोगालुसा अभ्यासात, अपघातादी कारणांनी दगावलेल्या तरुणांच्या शवविच्छेदनात धमन्यांवरचे मेदाचे थर लहान वयातच दिसले आणि ते बालपणीच्या वजन, रक्तदाब व कोलेस्टेरॉलशी जुळले.

विस्तार : २०२२ मध्ये जगात ५ ते १९ वयोगटातील सुमारे १५.९ कोटी मुले स्थूल होती. त्यांपैकी सुमारे १.२५ कोटी भारतातील. पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे भारतातील प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत २.१ टक्के, तर पाचव्या फेरीत (२०१९–२१) ३.४ टक्के होते. याहून लक्षवेधी आकडा २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीतला आहे : किशोरवयीनांत अतिवजनी सुमारे ५ टक्के, पण मधुमेहपूर्व अवस्थेतील सुमारे १० टक्के. म्हणजे रक्तातली साखर वाढलेली कितीतरी मुले अंगाने जाड नाहीत. चरकाचा कृश इथे सुटत नाही.

सांगली जिल्हा : कुपोषण आणि अतिपोषण एकाच जिल्ह्यात कसे नांदते, हे पाहायला सांगली सोयीची. पश्चिमेला वाळवा-पलूसचा कृष्णाकाठचा ऊसपट्टा, पूर्वेला जत-आटपाडीचा अवर्षणप्रवण भाग. जतची ऊसतोड मजूर स्त्री गरोदरपणीही मोळ्या उचलते. तिचे मूल पुढे सांगली शहरातल्या विश्रामबागेत वाढले, तर पुण्याच्या अभ्यासातले सूत्र त्याला लागू पडावे. अंगणवाडीच्या जुन्या तक्त्यात वजन फक्त वयाशी ताडले जाई. त्यामुळे खुजे पण मेदुर मूल हिरव्या (सर्वसाधारण) पट्ट्यात बसे आणि कोणाचे लक्ष जात नसे. आता उंचीही नोंदवली जाते.

ऊसपट्ट्यात एक समज पक्का आहे : साखर वाईट, गूळ चालतो. गुऱ्हाळावरचा ताजा गूळ असो की काकवी, त्यातला मोठा वाटा सुक्रोजचा, म्हणजे साखरेचाच. आतड्यात त्याचे निम्मे फ्रुक्टोज होते आणि ते मुख्यतः यकृतात जाते. गुळात थोडे लोह व खनिजे असतात हे खरे, पण यकृताला ती सवलत ठरत नाही. सांगलीचे भडंग त्या मानाने निरुपद्रवी. तेल आणि शेंगदाणे किती, एवढाच प्रश्न.

उपचार व प्रतिबंध : आहार, रोजची एक तास हालचाल, पुरेशी झोप आणि सबंध घराचा सहभाग हा पाया. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह जडल्यावर काम कठीण होते. १० ते १७ वर्षांच्या ६९९ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२०१२) केवळ मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधावर ठेवलेल्यांपैकी ५१.७ टक्क्यांची साखर आटोक्यात राहिली नाही. मुलांतला हा मधुमेह प्रौढांतल्यापेक्षा वेगाने चिघळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) शालेय तपासणी होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. मधल्या सुट्टीत वडापावचा गाडा फाटकाला किती खेटून उभा राहतो, ते ज्याने त्याने आपल्या शाळेपुरते पाहावे.